हार्ड डिस्कवरची जागा गेली कोठे?

विंडोज १० या प्रणालीला मिळणारे मायक्रोसॉफ्टचे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. त्यामुळे जुना संगणक पुसून त्यावर नवी विंडोज बसविण्याचे काम अनेक पेढ्यांवर, दुकानांत आणि गोदामांच्या कचेऱ्यांत निघाले आहे. बाजारच्या भाषेत यालाच 'फॉरमॅट मारणे' म्हणतात.

काम तसे तास-दोन तासांचे. परंतु त्याच्या मध्यावर एक पडदा असा येतो की जेथे 'विंडोज कोठे बसवायची?' हा प्रश्न विचारलेला असतो आणि त्याखाली डिस्कचे तुकडे ओळीने मांडलेले दिसतात. ५०० जीबीची म्हणून घेतलेली डिस्क तेथे ४६५ जीबी भरते. तिचेही चार-पाच तुकडे पडलेले असतात. काही इवलेसे, एखादा मोठा, पण कोणाचा ते न कळणारा. कधी मोठ्या डिस्कचा अर्धाच भाग दिसतो, तर कधी डिस्कच दिसत नाही. दुकानात गिऱ्हाईक खोळंबलेले असते, तंत्रज्ञाला पुढच्या ठिकाणी जायची घाई असते, आणि "सगळे तुकडे डिलीट करून एकच करून टाकू, जागा परत येईल" हा सल्ला मालकांनाही पटतो. जागा खरोखरच परत येते. मात्र त्या बेवारस वाटणाऱ्या तुकड्यात गेल्या सहा वर्षांची खतावणी होती, हे संध्याकाळी रोजमेळ उघडताना कळते.

डिस्कवरची जागा क्वचितच 'हरवते'. ती ठरावीक चार-सहा ठिकाणी असते, आणि ती नेमकी कोठे आहे हे पडद्यावरचे आकडेच सांगतात. रोकड जुळत नसेल तर आपण गल्ला फेकून देत नाही. आधी बेरीज तपासतो. येथेही 'डिलीट'वर बोट ठेवण्यापूर्वी दहा मिनिटांची बेरीज करावयाची आहे.

एकाच नावाची दोन मापे

पहिली आणि सर्वांत सामान्य तूट ही तूटच नव्हे. ती मापातील तफावत आहे.

आपल्या आजोबा-पणजोबांना 'मण' हा शब्द ऐकून लगेच वजन कळत नसे. कोणता मण, हे विचारावे लागे. मुंबईचा मण २८ पौंडांचा, तर बंगाली मण ८२ पौंडांहूनही थोडा अधिक. नाव एक, माप निराळे. आज 'जीबी' या शब्दाची नेमकी हीच गत आहे. डिस्क बनविणारा कारखाना १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतो. विंडोज मात्र दोनाच्या पटीने मोजते. तिच्या लेखी १ जीबी म्हणजे १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४ बाइट. माल तेवढाच, पण मोठ्या मापाने मोजल्यावर मापांची संख्या कमी भरते, इतकाच याचा अर्थ.

दोनाच्या पटीचा हा हिशेब आपल्याला परका नाही. १ एप्रिल १९५७ पर्यंत रुपयाचे आणे १६ आणि पैसे ६४ होते; त्या दिवसापासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले आणि एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे कसे द्यायचे, या प्रश्नाने किरकोळ दुकानदारांची डोकी तापली. संगणकाच्या व्यवहारात ते दशमानीकरण आजही अर्धवटच राहिले आहे. आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाने १९९८ साली दोनाच्या पटीच्या मापाला 'गिबीबाइट' असे वेगळे नाव देऊन हा घोळ मिटविण्याचा प्रयत्न केला. अ‍ॅपलने २००९ पासून आपल्या संगणकांवर कारखान्याचेच दशमान माप दाखविण्यास प्रारंभ केला. विंडोजने मात्र माप जुने ठेवले आणि नावही 'जीबी' हेच ठेवले. एकच डिस्क एका संगणकावर ५०० आणि दुसऱ्यावर ४६५ दिसते ती त्यामुळे.

या तफावतीवरून अमेरिकेत ग्राहक न्यायालयाची पायरी चढले. वेस्टर्न डिजिटल कंपनीने २००६ साली आणि सीगेट कंपनीने २००७ साली अशा दाव्यांत तडजोड केली. वेस्टर्न डिजिटलने ग्राहकांना जे मोफत देऊ केले ते होते बॅकअप घेण्याचे सॉफ्टवेअर. जागा कमी भरल्याची तक्रार करणाऱ्याला बॅकअपचे साधन द्यावे, यात कंपनीचा हेतू काहीही असो, सल्ला म्हणून तो चुकीचा नव्हता.

हे गणित तोंडी ठेवण्याजोगे आहे. खोक्यावरील जीबीच्या आकड्यातून शेकडा सात वजा करावे. २५६ चे २३८ होतात, ५०० चे ४६५, ५१२ चे ४७६. टेराबाइटच्या डिस्कवरही हाच नियम : १ टीबी म्हणजे १००० जीबी, ते विंडोजमध्ये ९३१ दिसतात, आणि २ टीबीचे १८६३. पडद्यावरील सर्व तुकड्यांची बेरीज या आकड्याच्या आसपास येत असेल, तर एक बाइटही कोठे गेलेला नाही. मग प्रश्न उरतो तो एवढाच, की आतील वाटणी कशी झाली आहे.

गोदामाच्या आतील भिंती

डिस्क हे एक गोदाम मानले, तर पार्टिशन म्हणजे त्याच्या आतील भिंती. नवी विंडोज बसताना काही लहान खोल्या स्वतःसाठी आपणहून बांधते. संगणक सुरू करणारी खोली साधारण १०० एमबीची असते, एक राखीव खोली १६ एमबीची, आणि बिघाड दुरुस्तीची 'रिकव्हरी' खोली काहीशे एमबीपासून एखाद्या जीबीपर्यंत. लॅपटॉप बनविणाऱ्या कंपन्या यात आपली एक मोठी खोली जोडतात. मूळ विंडोजची प्रत तिच्यात असते आणि तिला दहा-वीस जीबी सहज लागतात. 'माय कॉम्प्युटर'मध्ये या खोल्यांना अक्षर नसते, म्हणून त्या दिसत नाहीत. बेरजेत मात्र त्या धराव्या लागतात.

येथवर धोका काही नाही. धोका पुढे आहे. विंडोज बसविण्याच्या पडद्यावर सी, डी, ई ही आपल्या परिचयाची अक्षरे दिसत नाहीत. तेथे फक्त 'ड्राइव्ह ०, पार्टिशन ३' अशी नावे असतात. डी ड्राइव्हवर हिशेब आहेत हे मालकांना ठाऊक असते, पण 'पार्टिशन ४' म्हणजेच डी, हे तेथे कोण सांगणार? संगणकात दोन डिस्क असतील, म्हणजे विंडोजसाठी वेगवान एसएसडी आणि दप्तरासाठी जुनी हार्ड डिस्क, तर 'ड्राइव्ह ०' कोणती आणि 'ड्राइव्ह १' कोणती हा क्रमही आपल्या समजुतीप्रमाणे असेलच असे नाही.

यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही बिनखर्चाचे आहेत. पहिला असा : जुनी विंडोज चालू असतानाच 'डिस्क मॅनेजमेंट' उघडावे आणि प्रत्येक तुकड्याचा आकार, अक्षर व त्यात काय आहे हे कागदावर उतरवून घ्यावे. मोबाइलने पडद्याचे छायाचित्र काढले तरी चालते, पण ते त्या संगणकावर न ठेवता मोबाइलमध्येच राहू द्यावे. त्याच वेळी दप्तराच्या ड्राइव्हला 'न्यू व्हॉल्यूम' हे आपोआप मिळालेले नाव बदलून 'हिशेब' असे स्पष्ट नाव द्यावे. विंडोज बसविण्याच्या पडद्यावर अक्षर दिसत नसले तरी हे नाव दिसते. दुसरा उपाय याहून खात्रीचा : दप्तराची डिस्क वेगळी असेल तर विंडोज बसेपर्यंत तिची वायर काढून ठेवावी. न जोडलेली डिस्क कोणालाही चुकून पुसता येत नाही. यात आणखी एक लाभ आहे. दोन्ही डिस्क जोडलेल्या असताना विंडोज कधी कधी संगणक सुरू करणारी लहान खोली दुसऱ्याच डिस्कवर बांधते. पुढे ती जुनी डिस्क काढली, की संगणक सुरूच होत नाही.

आता उलट प्रसंग पाहू. पुष्कळ जण विंडोज नव्याने न बसविता जुन्या २५६ जीबीच्या डिस्कची हुबेहूब नक्कल ५१२ जीबीच्या नव्या डिस्कवर करून घेतात. नक्कल उत्तम होते, पण सी ड्राइव्ह पूर्वीइतकाच दिसतो. पैसे दुपटीचे दिले आणि जागा तेवढीच, तेव्हा विक्रेत्याशी वाद होतो. खरे कारण असे, की नकलेबरोबर भिंतीही जुन्याच जागी उभ्या राहिल्या. उरलेली जागा 'अनअलोकेटेड' म्हणून शेवटी रिकामी पडलेली असते. सी वाढवावयास जावे तर 'एक्स्टेंड' हा पर्याय मंद दिसतो, दाबता येत नाही. कारण सी आणि रिकामी जागा यांच्यामध्ये ती रिकव्हरीची खोली येते. विंडोज शेजारची, तीही उजवीकडची लागून असलेलीच जागा सीला जोडू शकते. मध्ये पहारेकऱ्याची चौकी असेल तर पलीकडचे अंगण घराला जोडता येत नाही, तसे हे आहे. रिकव्हरीची खोली हलवावी लागते, आणि ते काम जाणकारानेच, बॅकअप घेतल्यानंतर करावे. ज्यांना हा खटाटोप नको त्यांनी त्या रिकाम्या जागेचा नवा ड्राइव्ह करावा आणि दप्तर त्यात ठेवावे. माझ्या मते पेढीसाठी हाच पर्याय अधिक चांगला. विंडोज आणि हिशेब एका खोलीत नसावेत.

जुन्या प्रणालीची नजर जेथवर पोचते

बेरीजच खोक्यावरच्या आकड्याला येत नसेल, तर प्रकरण निराळे. शेकडा सात वजा करूनही मोठी तूट दिसत असेल, तर ती किती आहे हे पाहावे. ठरावीक आकडे ठरावीक कारण सांगतात.

काही ठिकाणी वजनकाट्याला किंवा जुन्या छपाईयंत्राला जोडलेला विंडोज एक्सपीचा संगणक अजून आढळतो, कारण त्या यंत्राचे सॉफ्टवेअर पुढच्या विंडोजवर चालत नाही. तेथे १६० किंवा २५० जीबीची डिस्क बसवून २००१ सालच्या मूळ सीडीवरून एक्सपी टाकली, की डिस्क १२८ जीबीच्या आसपासच दिसते. डिस्क सदोष नसते. जुन्या पद्धतीत डिस्कवरील प्रत्येक कप्प्याचा पत्ता २८ द्विमान अंकांत लिहिला जाई. गावातील दूरध्वनी क्रमांक सहा आकडीच असतील तर दहा लाखांहून अधिक जोडण्या देता येत नाहीत. त्याचप्रमाणे २८ अंकांत २६ कोटी ८४ लाख ३५ हजार ४५६ पत्तेच मावतात. प्रत्येक कप्पा ५१२ बाइटचा, म्हणजे एकूण १,३७,४३,८९,५३,४७२ बाइट. कारखान्याच्या मापाने हे १३७ जीबी होतात आणि विंडोजच्या मापाने बरोबर १२८. त्यापुढे कप्पे आहेत, पण त्यांना पत्ताच नाही. २००२ साली आलेल्या एक्सपीच्या पहिल्या सर्व्हिस पॅकने ४८ अंकी पत्ते वाचण्याची सोय केली. म्हणून अशा संगणकावर त्यानंतरची, सर्व्हिस पॅक समाविष्ट असलेली सीडीच वापरावी, आणि संगणकाचा बायोसही तसे पत्ते ओळखणारा असावा लागतो.

यातील खरी जोखीम अपुऱ्या जागेची नाही. नव्या संगणकावर पूर्ण भरलेली मोठी डिस्क काढून अशा जुन्या प्रणालीला जोडली, तर ती प्रणाली १२८ जीबीपलीकडे लिहिताना पत्त्याचे वरचे अंक गाळते आणि मजकूर डिस्कच्या आरंभी जाऊन पडतो. तेथे जे आधी लिहिलेले असते त्यावरच. घर क्रमांक १२०५ चे पत्र २०५ मध्ये टाकावे, तसा हा प्रकार; फक्त येथे २०५ मधील सामान बाहेर फेकले जाते.

दुसरा परिचित आकडा २ टीबीचा. ४ टीबीची डिस्क घेतली, तिची वाटणी जुन्या 'एमबीआर' पद्धतीने केली, तर २०४८ जीबीच वापरता येतात आणि उरलेले सुमारे १६७८ जीबी 'अनअलोकेटेड' म्हणून पडून राहतात. काही केल्या त्यांचा ड्राइव्ह होत नाही. कारण तेच : या पद्धतीत पत्त्यासाठी ३२ अंक राखलेले आहेत, आणि ५१२ बाइटच्या कप्प्यांनी ते २ टीबीपाशी संपतात. उपाय 'जीपीटी' नावाच्या नव्या पद्धतीचा. रिकाम्या डिस्कवर ती एका निवडीने लागू होते. डिस्कवर मजकूर असेल तर आधी तो दुसरीकडे हलवावा.

आणि डिस्कच दिसत नसेल तर? गेल्या काही वर्षांतील अनेक इंटेल लॅपटॉपांवर विंडोज बसविण्याच्या पडद्यावर यादी कोरीच येते. डिस्क मेली असे समजून नवी आणण्याची घाई करू नये. त्या लॅपटॉपांत डिस्क आणि प्रणाली यांच्यामध्ये इंटेलचा एक मध्यस्थ असतो, आणि त्याचा ड्रायव्हर विंडोजच्या प्रतीत नसतो. लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून तो पेन ड्राइव्हवर घेऊन 'लोड ड्रायव्हर' हा पर्याय दाबला, की डिस्क अवतरते.

कुलूपबंद खोली

जागा दिसते, पण आत जाता येत नाही, हा प्रकार अलीकडे वाढला आहे आणि व्यापाऱ्याला सर्वांत महाग पडणारा तोच आहे.

आताच्या विंडोजमध्ये 'बिटलॉकर' नावाचे कुलूप असते. अनेक लॅपटॉपांवर, मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश करताच, ते आपोआप लागते. मालकांना ते लागल्याचा पत्ताही नसतो, कारण रोजच्या वापरात किल्ली संगणक स्वतःच फिरवितो. विंडोज नव्याने बसविली की ही आपसूक व्यवस्था मोडते. डी ड्राइव्ह कुलूपबंद होतो आणि ४८ अंकी किल्ली मागतो. किल्ली असेल तर क्षणाचे काम. नसेल, तर जगातील कोणीही तंत्रज्ञ ते उघडू शकत नाही. कुलूप त्याचसाठी बनविलेले आहे. म्हणून जुनी विंडोज चालू असतानाच 'बिटलॉकर' लागले आहे काय हे पाहावे आणि लागले असल्यास किल्ली छापून तिजोरीत ठेवावी. बहुधा ती ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने संगणक सुरू केला त्या खात्यातही जपलेली असते. पण ते खाते नोकरी सोडून गेलेल्या हिशेबनिसाच्या नावाचे असेल तर काय, याचा विचार आजच करणे बरे.

याच जातीचा आणखी एक सापळा. पूर्वी कोणी त्या संगणकावर लिनक्स बसविलेली असेल, तर तिचा भाग विंडोजला वाचता येत नाही. अशा ड्राइव्हवर टिचकी मारली की विंडोज मोठ्या अदबीने विचारते, 'वापरण्यापूर्वी हा ड्राइव्ह फॉरमॅट करावा लागेल, करू काय?' याचा अर्थ ड्राइव्ह रिकामा आहे असा नव्हे. विंडोजला ती लिपी येत नाही एवढाच. मोडी न येणाऱ्याने जुनी वही कोरी समजावी, तसे ते आहे. उत्तर नेहमी 'नाही' असेच द्यावे.

नव्या घरातील जुने सामान

विंडोज बसली, आणि तरीही सी ड्राइव्ह अर्धा भरलेला दिसतो. 'आत्ताच तर टाकली!' येथे चौकशी सोपी आहे. फॉरमॅट न करता जुन्या विंडोजवरच नवी बसविली असेल, तर जुनी प्रणाली, तिचे प्रोग्रॅम आणि वापरणाऱ्यांचे फोल्डर 'विंडोज डॉट ओल्ड' या नावाखाली गुंडाळून ठेवलेले असतात. वीस-पंचवीस जीबी तेथेच जातात, कधी त्याहून पुष्कळ अधिक. याखेरीज संगणक गाढ झोपताना स्मृती जेथे उतरवितो ती फाइल रॅमच्या साधारण ४० टक्के असते, म्हणजे १६ जीबी रॅमला सहा जीबींहून थोडी अधिक. २०१९ पासून विंडोज आपल्या पुढील अद्ययावतीकरणासाठी सुमारे ७ जीबी राखून ठेवते. या सर्वांची बेरीज केली की कोडे सुटते.

'विंडोज डॉट ओल्ड' पाहताच पुसून जागा मोकळी करावी असा मोह होतो. थांबावे. टॅली अनेक ठिकाणी सी ड्राइव्हवरच, प्रोग्रॅमच्या किंवा 'पब्लिक' नावाच्या फोल्डरात आपला डेटा ठेवते. कंपनीचे नाव न दिसता केवळ आकडी नावाचे फोल्डर तेथे दिसतात. ते सारे आता 'विंडोज डॉट ओल्ड'मध्ये असण्याचा संभव आहे. डेस्कटॉपवर ठेवलेली बिले, कोटेशने, बँकेची पत्रकेही तेथेच. आणि हे गाठोडे कायम राहत नाही. अपग्रेडनंतर साधारण १० दिवसांनी विंडोज ते आपणहून काढून टाकते. नव्या संगणकावर काम सुरळीत चालू आहे, जुने वर्ष उघडण्याची वेळ महिनाभर आली नाही, आणि आली तेव्हा गाठोडे गेलेले, असे घडू शकते. म्हणून पहिल्याच दिवशी त्यातून हवे ते उचलून घ्यावे.

ज्यावर विसंबलो तो बॅकअप

'बॅकअप पेन ड्राइव्हवर आहे' या वाक्यावर पुष्कळ धाडस केले जाते. या वाक्याला दोन छिद्रे आहेत आणि दोन्ही जागेच्या याच प्रश्नाशी निगडित आहेत.

पहिले असे, की विंडोज बसविण्याचा पेन ड्राइव्ह तयार करताना मायक्रोसॉफ्टचे साधन त्यावरील सर्व काही पुसते. बॅकअपचा आणि विंडोजचा पेन ड्राइव्ह एकच असेल तर बॅकअप तेथेच संपला. पुढे त्या ६४ जीबीच्या पेन ड्राइव्हवर ३२ जीबीच दिसतात, कारण ते साधन तेवढाच भाग बांधते. उरलेली जागा 'डिस्क मॅनेजमेंट'मधून परत मिळते, पण गेलेला मजकूर नव्हे.

दुसरे छिद्र अधिक वाईट. बाजारात अत्यल्प किमतीत '२ टीबी'चे पेन ड्राइव्ह मिळतात. त्यांतील चिप प्रत्यक्षात ३२ किंवा ६४ जीबीची असते, पण खोटा आकडा सांगण्यास ती शिकविलेली असते. येथे जागा कमी न दिसता जास्त दिसते, हाच दगा. नक्कल पूर्ण झाल्याचा संदेश येतो, फाइलींची नावे दिसतात. उघडावयास गेले की आत काही नाही. खोट्या मापाचा शेर बाजारात ओळखणाऱ्या घराण्यांनी हा शेरही तपासून घ्यावा. नव्या पेन ड्राइव्हवर प्रथम शेवटपर्यंत मजकूर भरून तो परत वाचून पाहणारी मोफत साधने आहेत. 'एच-टू-टेस्ट-डब्ल्यू' हे त्यांतील जुने आणि विश्वासू.

बॅकअप झाला असे केव्हा म्हणावे? तो दुसऱ्या संगणकावर उघडला, टॅलीत 'रिस्टोअर' केला, आणि तेथील तेरीज पत्रक मूळ संगणकावरील तेरीज पत्रकाशी पैशापर्यंत जुळले, तेव्हा. मग टॅलीचा परवाना त्या संगणकावरून 'सरेंडर' करावा, नाही तर नव्या विंडोजवर तो चालू करताना अडचण येऊ शकते. त्यानंतरच फॉरमॅटला हात घालावा. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाचे दप्तर त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागते, आणि नियम ५७ प्रमाणे संगणकीय दप्तराचा योग्य बॅकअप ठेवणे हेही व्यापाऱ्याचेच कर्तव्य आहे. कंपनी असेल तर कंपनी कायद्याने मुदत ८ वर्षांची. 'तंत्रज्ञाने पुसले' हे उत्तर नोटिशीला चालत नाही.

इतके असूनही चुकीचा तुकडा पुसला गेलाच, तर संगणक त्याच क्षणी बंद करावा. फिरत्या तबकड्यांच्या जुन्या हार्ड डिस्कवर झटपट फॉरमॅट केवळ अनुक्रमणिका फाडतो. पाने बहुधा जागेवर असतात आणि त्यांवर नवे काही लिहिले गेले नाही तोवर जाणकाराला पुष्कळ काही परत काढता येते. त्यामुळे 'विंडोज तर पूर्ण बसू द्या, मग बघू' असे म्हणू नये. बसणारी विंडोज त्याच पानांवर लिहीत असते. एसएसडीवर मात्र आशा फार थोडी. फॉरमॅट होताच विंडोज तिला 'हे कप्पे आता रिकामे समज' अशी सूचना देते आणि एसएसडी आपल्या सवडीने ते खरोखरच स्वच्छ करते. नव्या संगणकांत बहुतांशी एसएसडीच असते, हे लक्षात घ्यावे.

आज एसएसडीच्या किमती पाहता, पेढीच्या मुख्य संगणकासाठी एक मार्ग मला सर्वांत निर्धोक वाटतो. जुन्या डिस्कवर फॉरमॅट मारूच नये. नवी डिस्क घ्यावी, विंडोज तिच्यावर बसवावी, दप्तर तिच्यावर उतरवून घ्यावे, आणि जुनी डिस्क पाकिटात घालून, वर पेढीचे नाव, तारीख, तिच्यातील हिशेबाची वर्षे आणि बिटलॉकरची किल्ली कोठे ठेवली आहे ते लिहून, चोपड्यांच्या कपाटात ठेवून द्यावी. किल्ली मात्र त्याच पाकिटात ठेवू नये. त्या वर्षांची मुदत उलटल्यावर डिस्क भंगारात देण्यापूर्वी ती पूर्ण पुसून घ्यावी. झटपट फॉरमॅट त्या वेळी पुरेसा होणार नाही, कारण वर सांगितलेली पाने तेव्हाही जागेवरच असतील, आणि त्यांवर आपल्या गिऱ्हाइकांची नावे, भाव आणि उधारी लिहिलेली असेल.